शून्य नंबरचा शर्ट, करंगळीचं हाड आणि ओक्लाहोमाची पोरं

मैदानाच्या कडेने
(वाचकांचे खेळाविषयीचे प्रश्न. उत्तरं देतात नागपूरच्या एक माजी राज्यस्तरीय बास्केटबॉलपटू आणि फिजिओथेरपिस्ट.)

प्रश्न: ताई, मी आणि माझे तीन मित्र वर्षानुवर्षं एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) बघतो आणि एकाच मुद्द्यावर भांडतो. माझं म्हणणं, तरुण पोरांचा संघ बांधणं म्हणजे निव्वळ लॉटरी. पोर्टलंडला ग्रेग ओडन आणि ब्रँडन रॉय मिळाले, दोघांचेही गुडघे गेले. फिलाडेल्फियाने कित्येक मोसम हरून हरून एम्बीड आणि सिमन्स मिळवले, हाती धुपाटणं आलं. ओक्लाहोमा सिटीचं नशीब चांगलं, म्हणून ते २०२५ मध्ये जिंकले. मित्र म्हणतात, नशीब नाही, त्या पोरांचं एकमेकांशी जमतं. सामन्यानंतर एकाची मुलाखत असली तरी सगळा संघ त्याच्या मागे उभा राहतो आणि कुत्र्यासारखा भुंकतो, ते बघ म्हणतात. कोणाचं खरं?
(एक वाचक, अकोला)

उत्तर: भुंकून अजिंक्यपद मिळत असतं, तर धरमपेठेतल्या आमच्या गल्लीने दरवर्षी रात्री दोनच्या सुमाराला करंडक उचलला असता. मित्रांचा मुद्दा तूर्त राहू द्या. पण तुमची लॉटरीही मला पटत नाही. ओक्लाहोमाने हा डाव दोनदा मांडला आहे, पहिल्यांदा फसला, दुसऱ्यांदा जमला, आणि दोन्ही वेळा मांडणारा माणूस एकच होता, संघाचा व्यवस्थापक सॅम प्रेस्टी.

पहिला डाव आठवा. २००७ मध्ये केविन ड्युरांट, २००८ मध्ये रसेल वेस्टब्रुक, २००९ मध्ये जेम्स हार्डन, असे तिघं ओळीने ड्राफ्टमधून (नव्या खेळाडूंची वार्षिक निवड, हरणाऱ्या संघांना त्यात वरचा क्रमांक मिळण्याची संधी जास्त) घेतलेले. (पहिले दोघं आले तेव्हा संघ अजून सिएटलचा होता.) २०१२ मध्ये ते अंतिम फेरीत पोचले, तेव्हा तिघांपैकी एकालाही चोविसावं वर्ष पूर्ण झालेलं नव्हतं. मायामीने त्यांना ४-१ असं हरवलं, तरी लोक म्हणाले, आता पुढची दहा वर्षं यांचीच. चार महिन्यांत कराराच्या पैशांवरून हार्डनची रवानगी ह्यूस्टनला झाली. पुढे तिघंही एमव्हीपी, म्हणजे मोसमातले सर्वोत्तम खेळाडू, झाले: ड्युरांट २०१४, वेस्टब्रुक २०१७, हार्डन २०१८. एका संघात तीन भावी एमव्हीपी, आणि त्या संघाची अजिंक्यपदं किती? एकही नाही.

पटत नव्हतं म्हणून का? मला तरी तसं दिसलं नाही. एप्रिल २०१३ मध्ये, प्लेऑफच्या (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांच्या) पहिल्याच फेरीत, वेस्टब्रुकच्या गुडघ्यातला मेनिस्कस, म्हणजे कूर्चेची गादी, फाटला. समोर कोण? ह्यूस्टन, म्हणजे हार्डन. वेस्टब्रुक नसताना चेंडू हातात घेऊन संघ चालवू शकेल असा गडी आता विरुद्ध बाजूच्या शर्टात होता. पुढच्या फेरीत मेम्फिसने त्यांना घरी धाडलं. २०१४ च्या ऑक्टोबरात ड्युरांटच्या पावलाचं हाड मोडलं, त्या मोसमात तो २७ सामने खेळला आणि संघ प्लेऑफलाही पोचला नाही. २०१६ मध्ये तोही गोल्डन स्टेटला निघून गेला. गुण होते, दोस्ती होती, पण एक माणूस पडला तर पुढे काय, याची तजवीज नव्हती.

दुसऱ्या डावात नेमकी ती दिसते. २०१९ मध्ये पॉल जॉर्जला क्लिपर्स संघाकडे देऊन प्रेस्टीने शे गिल्जस-अलेक्झांडर आणि ड्राफ्टच्या निवडींचा गठ्ठा घेतला. मग दोन मोसम मार खाल्ला: २२ विजय, ५० पराभव, २४ विजय, ५८ पराभव. २०२२ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर चेट होल्मग्रेन घेतला. सात फूट एक इंच उंची आणि अंगावर मांस म्हणून नाही. ऑगस्टमध्ये सिएटलच्या एका प्रदर्शनीय सामन्यात लेब्रॉन जेम्सला अडवायला गेला आणि उजव्या पावलाच्या मधल्या सांध्याला इजा झाली. लिसफ्रांक म्हणतात त्याला. फरशी इतकी ओलसर झाली होती की तो सामनाच पुढे थांबवावा लागला. आता संघाने काय केलं ते बघा: त्याच महिन्यात जाहीर करून टाकलं की चेट पूर्ण मोसम खेळणार नाही. 'मार्चमध्ये बघू', 'प्लेऑफला कदाचित' असलं काही नाही. त्याच्याविना ४० सामने जिंकले, ४२ हरले, आणि कोणाचं डोकं फिरलं नाही. पुढच्या मोसमात तो ८२ पैकी ८२ सामने खेळला.

मग नोव्हेंबर २०२४ मध्ये तोच पोरगा आपटला आणि कमरेचं हाड मोडून घेतलं. ३९ सामने बाहेर. पण तोवर आयझाया हार्टनस्टाइन आला होता, वय २६, पाच संघांचं पाणी पिऊन आलेला. (तोही सुरुवातीला हात मोडून बसला होता, पण नोव्हेंबरातच परतला.) अलेक्स करुसो होता, तिशी ओलांडलेला, लेकर्सबरोबर २०२० चं अजिंक्यपद पाहिलेला. या करुसोसाठी त्यांनी जॉश गिडी दिला, स्वतः सहाव्या क्रमांकावर निवडलेला, एकवीस वर्षांचा, लाडका. तरुण संघ तरुण ठेवायचा तर त्यात एक-दोन पिकलेली डोकी लागतात आणि त्यांची किंमत एखाद्या लाडक्या पोराने मोजावी लागते. मोसमाअखेर हिशेब झाला ६८ विजय, १४ पराभव. तुमच्या मित्रांना सांगा, जमणं बघायचं असेल तर ते ३९ सामने काढून बघा. मुलाखतीत भुंकायला काय, सगळे निरोगी असतात.

आता पोर्टलंड. ओडनच्या बाबतीत मी तुमच्याशी भांडणार नाही, ते दैवच. २००७ मध्ये ड्युरांटच्या आधी, पहिल्या क्रमांकावर घेतलेला. पहिला सामना खेळण्याआधीच उजव्या गुडघ्यावर मायक्रोफ्रॅक्चर शस्त्रक्रिया. यात कूर्चा झिजलेल्या जागी खालच्या हाडाला बारीक छिद्रं पाडतात. आतून रक्त येतं, गोठतं, आणि त्यातून नवी कूर्चा धरते. धरते, पण मूळच्या दर्जाची नसते, आणि सव्वाशे किलोच्या माणसाच्या उड्या ती किती वर्षं झेलणार? २००९ मध्ये डाव्या गुडघ्याची वाटी फुटली, मग त्या गुडघ्याचं मायक्रोफ्रॅक्चर. सगळी कारकीर्द मिळून १०५ सामने. आपण त्या काळात दारूच्या आहारी गेलो होतो, हे त्याने पुढे स्वतःच उघडपणे सांगितलं. वीस-बावीस वर्षांचा पोरगा, गावभर पोस्टर, आणि काम काय, तर दिवसभर पाय वर करून पडून राहणं. माझ्या टेबलावर असे लहान प्रमाणातले ओडन येतात. त्यांच्या गुडघ्यापेक्षा संध्याकाळचे सहा ते दहा मला जास्त काळजीचे वाटतात.

पण रॉयची गोष्ट वेगळी आहे आणि ती मला राग आणते. एप्रिल २०१० मध्ये त्याचा मेनिस्कस फाटला, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, आणि शस्त्रक्रियेनंतर आठव्या दिवशी तो फिनिक्सविरुद्ध प्लेऑफचा सामना खेळला. आठव्या दिवशी! माझ्याकडे आठव्या दिवशी पेशंट जिना उतरतो तेव्हा मी कठडा धरायला लावते. रॉय स्वतः तयार होता, यात शंका नाही. पंचविशीतला खेळाडू कायमच तयार असतो, त्याच्या तयारीला पुरावा मानायचं नसतं. पुढच्या वर्षी डॅलसविरुद्ध त्याने चौथ्या क्वार्टरमध्ये १८ गुण करून २३ गुणांची पिछाडी फिरवली. आजही तो सामना मी लावते तेव्हा अंगावर काटा येतो. डिसेंबर २०११ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, गुडघ्यात कूर्चा उरली नाही म्हणून त्याने निवृत्ती जाहीर केली. नंतर मिनेसोटाकडून परतला, पाच सामने खेळला, संपलं. त्या आठ दिवसांमुळेच गुडघा गेला असं मी म्हणत नाही, तो आधीपासूनच झिजत होता. पण एका पोराला 'नाही' म्हणणारा एक माणूस तिथे हवा होता. आपण 'पोक्तपणा, पोक्तपणा' म्हणून खेळाडूंच्या नावाने ओरडतो. तो आधी पगार घेणाऱ्या मोठ्यांकडून मागा.

तेव्हा नशीब नाही असं नाही. पण ओक्लाहोमालाही सगळं साधलं, असं समजू नका. जेलेन विल्यम्स २०२५ चं प्लेऑफ उजव्या मनगटातलं लिगामेंट फाटलेलं असताना खेळला, अंतिम फेरीच्या पाचव्या सामन्यात ४० गुण केले, आणि मग शस्त्रक्रिया होऊन पुढच्या मोसमाच्या सुरुवातीला मुकला. करंडक आला म्हणून त्याला शौर्य म्हणतात. हरले असते तर काय म्हटलं असतं, हे रॉयला विचारा.

फिलाडेल्फियावर लिहीत नाही. सिमन्सने २०२१ मध्ये अटलांटाविरुद्ध सातव्या सामन्यात बास्केटखाली मोकळा असताना डंक न मारता पास दिला, त्यावर आजवर जेवढं बोललं गेलंय तेवढं पुरे.

प्रश्न: ताई, २०२५ च्या प्लेऑफमध्ये डेमियन लिलार्ड, जेसन टेटम आणि टायरीस हॅलिबर्टन या तिघांचीही टाचेमागची अकिलीस फाटली आणि तिघांचाही शर्ट शून्य नंबरचा! माझाही नंबर शून्यच आहे. बदलू का?
(एक कॉलेज विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर: शर्ट राहू दे, पोटरी सांभाळ. पोटरीचे स्नायू खाली येऊन ज्या जाड दोरीत संपतात ती अकिलीस. मागे टेकवलेल्या पायावर जोर देऊन पुढे झेप घेताना तिच्यावर सगळ्यात जास्त ताण येतो. हॅलिबर्टनच्या उजव्या पोटरीला अंतिम फेरीच्या पाचव्या सामन्यात चमक भरली होती. सहावा तो खेळला. सातव्या सामन्यात, आपल्याकडे २३ जूनची सोमवार पहाट, त्याने पहिल्या काही मिनिटांत ९ गुण केले आणि नेमकी तशीच झेप घेताना उजवी अकिलीस गेली. २०१९ च्या अंतिम फेरीतला ड्युरांट आठव: पोटरी दुखावलेली, महिनाभर बाहेर, टोरांटोत परतला, बारा मिनिटं खेळला आणि खाली बसला. तीच टाच. दोन उदाहरणांवरून सिद्धांत मांडायचा नसतो, ते संशोधकांचं काम. पण माझ्या क्लिनिकमध्ये दुखरी पोटरी घेऊन कोणी 'उद्या फायनल आहे' म्हणालं की मला हे दोघं आठवतात आणि माझा आवाज चढतो.

हॅलिबर्टनने नंतर लिहिलं की पुन्हा वेळ आली तर पुन्हा खेळेन. तेव्हा पंचवीस वर्षांचा होता, दुसरं काय लिहिणार. त्याच्या संघाने, पेसर्सनी, मात्र जुलैतच सांगून टाकलं की पुढचा अख्खा मोसम तो बसणार.

तू एका पायावर उभी राहून सावकाश किती वेळा टाच उचलू शकतेस ते मोज. दोन पायांत मोठा फरक आला तर नंबर बदलण्याआधी मला किंवा जवळच्या फिजिओला भेट.

प्रश्न: मॅडम, माझा मुलगा सोळा वर्षांचा. गेल्या वर्षभरात चार इंच वाढला, आता सहा फूट तीन इंच आहे. शाळेचा संघ, क्लब आणि जिल्ह्याचं शिबिर, तिन्हीकडे खेळतो. दीड महिन्यापासून डाव्या पावलाच्या बाहेरच्या कडेला दुखतंय. सकाळी बरं असतं, खेळून आला की लंगडतो. सर म्हणतात, टेप लावून खेळव, निवड चाचणी तोंडावर आहे. तो दिवसभर एनबीएतल्या झायन विल्यमसनचे व्हिडिओ बघतो आणि म्हणतो, झायनसुद्धा दुखणं घेऊन खेळतो. काय करू?
(एक आई, सातारा)

उत्तर: आधी उद्याच्या उद्या त्याच्या उड्या बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. मी पत्रावरून निदान करत नाही. पण वाढीचं वय, तीन ठिकाणचा सराव, पावलाची बाहेरची कड आणि खेळल्यावर वाढणारं दुखणं, एवढं वाचल्यावर गप्प बसता येत नाही.

करंगळीपासून मागे घोट्याकडे जाणारं जे लांब हाड आहे, त्याच्या मागच्या टोकाजवळ एक जागा अशी असते की तिथे रक्त कमी पोचतं. कालव्याच्या शेवटच्या शेताची गत: वर कितीही पाणी सोडा, तिथे चिखलसुद्धा होत नाही. त्यामुळे तिथली चीर सहज भरत नाही, आणि भरली असं वाटून खेळायला उतरलं की पुन्हा उघडते. ड्युरांटचं २०१४ मध्ये मोडलं ते हेच हाड. स्क्रू बसवला, तो बदलावा लागला, शेवटी तिसऱ्यांदा हाडाचा कलम लावावा लागला, आणि जगातले उत्तम डॉक्टर हाताशी असताना त्याचा मोसम गेला. बेन सिमन्स एनबीएचा पहिला सामना खेळण्याआधी, २०१६ च्या सप्टेंबरात, त्याच हाडाने वर्षभर बसला. आणि तुमच्या चिरंजीवांना सांगा, झायनसुद्धा. २०२१-२२ च्या मोसमात झायन विल्यमसन एकही सामना खेळला नाही तो याच हाडापायी. तो दुखणं घेऊन खेळतो हे व्हिडिओत दिसत असेल. पहिल्या मोसमात २४ सामने, चौथ्यात २९, सहाव्यात ३०, हे व्हिडिओत दिसत नाही.

सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये बारीक चीर कधी कधी दिसतच नाही. 'एक्स-रे नॉर्मल आहे, खेळू दे' असं कोणी म्हणालं आणि दुखणं तसंच राहिलं, तर एमआरआयचं विचारा. ड जीवनसत्त्वही तपासून घ्या. ऊन भरपूर असलेल्या आपल्या राज्यात ते कमी निघालेली पोरं मी रोज बघते.

टेपबद्दल. मुरगळलेल्या घोट्याला टेपचा आधार होतो. चिरलेल्या हाडाला टेप लावणं म्हणजे सरांच्या मनाचं समाधान. सरांवर मी चिडत नाही. जिल्ह्याच्या संघात मुलगा गेला नाही तर त्यांनाही वर उत्तर द्यावं लागतं. पण खरी अडचण ही की शाळेच्या सरांना क्लबचा सराव माहीत नाही, क्लबला शिबिराचा माहीत नाही, आणि तिन्ही ठिकाणचं मैदान बहुतेक सिमेंटचं. बेरीज कोणीच करत नाही. ती तुम्ही करा: एका वहीत रोजचे तास लिहा आणि आठवड्याच्या शेवटी तिन्ही प्रशिक्षकांना एकच पान दाखवा. एनबीए आणि यूएसए बास्केटबॉलने २०१६ मध्ये मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही आठवड्याला किमान एक पूर्ण सुट्टी आणि भरपूर झोप यावर भर आहे. चौदा वर्षांआधी पोराला एकाच खेळाला जुंपू नका, असंही त्यात म्हटलंय. ही सूचना अमेरिकेतल्या लाकडी फरशीवर खेळणाऱ्या पोरांसाठी आहे, हे ध्यानात घ्या.

बसावं लागलंच, तर त्याला घरी बसवू नका. सरावाला पाठवा. गुण लिहू दे, बसून फ्री थ्रो मारू दे, पाणी आणू दे. मुलगा नाराज होईल, एखादी चाचणी जाईल. सोळाव्या वर्षी गेलेली चाचणी पुढच्या वर्षी परत येते.

प्रश्न: एनबीएतल्या जा मोरांटला अक्कल येणार का? एवढा गुणी खेळाडू वाया गेला.
(एक निवृत्त क्रीडाशिक्षक, परभणी)

उत्तर: सर, 'वाया गेला' एवढ्या लवकर म्हणू नका. त्याने केलं ते वाईटच. मार्च २०२३ मध्ये नाइटक्लबातून इन्स्टाग्रामवर थेट प्रक्षेपण करताना बंदूक दाखवली, आठ सामन्यांची बंदी आली. मे महिन्यात गाडीत पुन्हा तेच, मग पंचवीस सामने. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. १९ डिसेंबर २०२३ ला परतला, न्यू ऑर्लिन्सविरुद्ध ३४ गुण केले, शेवटची घंटा होता होता विजयी बास्केट मारली. आणि नऊ सामन्यांत खांदा गेला, मोसम खलास. बंदी संपवून आलेल्या पोराचं असं व्हावं, याला मात्र मी अकोल्याच्या वाचकांचा शब्द वापरते: नशीब.

तुम्ही पोरं घडवलीत, म्हणून एक गोष्ट तुमच्यापुढे ठेवते. मोरांटचा तेव्हाचा मेम्फिसचा संघ ५१ सामने जिंकलेला, पण विशी-पंचविशीच्या पोरांचा. त्यातला खरा वडीलधारा स्टीव्हन ॲडम्स जानेवारी २०२३ मध्येच गुडघा दुखावून बाहेर पडला होता. पुढच्या उन्हाळ्यात संघाने काय केलं, तर बोस्टनहून मार्कस स्मार्ट आणला, आणि डेरिक रोझला आणलं. रोझ म्हणजे बावीस वर्षांचा असताना एमव्हीपी झालेला, लीगच्या इतिहासातला सगळ्यात लहान, आणि वर्षभरात एप्रिल २०१२ मध्ये एसीएल (गुडघ्यातलं मुख्य लिगामेंट) फाटून बसलेला. खेळण्यासाठी त्याला आणलं असं मला वाटत नाही, खेळलाही तो जेमतेम २४ सामने. बोलण्यासाठी आणलं असणार. मोरांटने किती ऐकलं ते त्यालाच ठाऊक. माझी तक्रार एवढीच, की हा फोन त्यांनी मार्चमध्ये करायला हवा होता, जुलैमध्ये नव्हे.